स्मृती बी-पेशी मोजताना
स्मृती बी-पेशी म्हणजे जुना संसर्ग किंवा लस लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी. देवीच्या लशीनंतर 50 वर्षांनीही त्या रक्तात सापडतात. नमुना नीट हाताळला नाही तर मात्र काही तासांत हातच्या जातात. रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत घ्या, फ्रिजमध्ये ठेवू नका, 8 तासांत पेशी वेगळ्या करा. उशीर झाला की ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्यांच्यात मिसळतात. गोठवताना 10 टक्के डीएमएसओ (पेशींना बर्फापासून वाचवणारं द्रावक), तापमान मिनिटाला 1 अंशानं खाली, मग द्रव नायट्रोजन. वितळवणं झटपट, 37 अंशांवर. माध्यम (पेशींचं पोषक द्रावण) मात्र थेंबाथेंबानं घाला, नाहीतर पेशी फुटतात.

सगळ्यात महत्त्वाचं: या पेशी विश्रांतीत असताना प्रतिपिंडं सोडतच नाहीत. आर-848 आणि आयएल-2 ही पेशींना चेतवणारी द्रव्यं देऊन साधारण 5 दिवस वाढवा, मगच एलिस्पॉट (प्रतिपिंडं सोडणारी प्रत्येक पेशी ठिपक्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) करा. ही पायरी गाळली तर ठिपकेच उमटत नाहीत, आणि शाबूत असलेली स्मृती संपल्यासारखी वाटते.