हॅलोविनच्या साबणाचा सुगंध बाटलीत जोखू नका

भोपळा-मसाला, सफरचंद-दालचिनी, व्हॅनिला हे शरद ऋतूतले सुगंध बाटलीत झकास वाटतात, पण साबणात कधी रंग बिघडवतात, कधी घोळ (साबणाचं ओतण्याआधीचं ओलं मिश्रण). म्हणून आधी एकाच वडीपुरता घोळ करून बघा.

१. सुगंध घालून ढवळा. लवंग-दालचिनीचा असेल तर घोळ बघता बघता थिजू शकतो. त्यात नक्षीच्या भानगडीत पडू नका.

२. वडी दोन आठवडे उघडी ठेवा. सुगंधात व्हॅनिलिन (व्हॅनिलाला वास देणारा घटक) असेल तर ती चॉकलेटी होत जाते. मग नारिंगी भाग बिनवासाचा ठेवून सुगंध फक्त गडद भागात घाला. हॅलोविनची रंगसंगती आपसूक जमते, आणि माझ्या मते गिऱ्हाईक वडी नाकाला लावण्याआधी रंगच बघतं.

कोल्ड प्रोसेस साबण (तेल आणि कॉस्टिक सोडा न शिजवता केलेला) मुरायला ४ ते ६ आठवडे लागतात, तेव्हा ३१ ऑक्टोबरसाठी ही चाचणी ऑगस्टमध्येच उरका.

दालचिनीचं तेल त्वचेला झोंबतं. पुरवठादाराने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.