बिलियर्ड्सचा स्ट्रोक सरळ येण्यासाठी कोपर ओळंब्यात कसे आणावे

बिलियर्ड्समध्ये क्यू (बॉल मारायची काठी) तिरका गेला की खेळाडू सहसा मनगटाला दोष देतो. प्रत्यक्षात खांदा, कोपर आणि मनगट क्यूच्या बरोबर वर एका उभ्या रेषेत आलेले नसतात, हेच बहुतेक वेळा मूळ कारण असते. कोपर अंगापासून बाहेर फाकले किंवा पाठीकडे ओढले गेले, की कोपराखालचा हात तिरका झुलतो, टीप, म्हणजे क्यूचे टोक, पांढऱ्या बॉलच्या मध्यावर न लागता किंचित बाजूला लागते आणि बॉलला नको असलेली साइड (बाजूची फिरकी) मिळते. बॉलचा व्यास जेमतेम ५२.५ मिलिमीटर आणि टेबल १२ फुटी असल्याने ही चूक समोरच्या कुशनपर्यंत (टेबलाच्या रबरी कडेपर्यंत) जाईतो चांगलीच वाढते.

दोष नेमका कोठे आहे, हे आधी तपासावे. बॉल्क लाइनच्या (टेबलाच्या आपल्याकडच्या टोकाजवळील आडव्या रेषेच्या) मध्यावर बॉल ठेवून तो मधल्या सर्व स्पॉटांवरून (टेबलाच्या मध्यरेषेवरील खुणांवरून) सरळ समोरच्या कुशनवर मारावा. तो परत टिपेवर आला पाहिजे. जाताना स्पॉटांवरून गेलेला बॉल कुशनवरून उजवीकडे फुटत असेल, तर नकळत उजवी साइड लागते आहे. मात्र तो जातानाच स्पॉट चुकवत असेल, तर नेम किंवा क्यूची दिशा चुकते आहे. हे दोन दोष वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास सराव वाया जातो.

त्यानंतर गवंड्याचा ओळंबा आणावा. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात तो सहज मिळतो. आपण खाली वाकून नेम धरल्यावर मित्राने क्यूच्या रेषेत मागे उभे राहून, ओळंब्याची दोरी आपल्या खांद्याच्या उंचीवरून सोडावी आणि एक डोळा मिटून पाहावे. कोपर, मनगट आणि क्यूचे बूड दोरीच्या मागे झाकले गेले पाहिजे. मोबाइलवर चित्रण करायचे असल्यास तो त्याच रेषेत ठेवावा, कारण थोड्या बाजूने घेतलेल्या चित्रणात सरळ कोपरही वाकडे दिसते.

कोपर बाहेर दिसले म्हणून ते जबरदस्तीने आत दाबू नये. दुरुस्ती पायांपासून करावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उभे असतानाच उजवे पाऊल शॉटच्या रेषेवर ठेवावे, डावे पाऊल थोडे पुढे व डावीकडे टाकावे आणि मगच त्या रेषेवर खाली यावे. उजवे पाऊल रेषेच्या उजवीकडे पडले, तर कंबर क्यूच्या वाटेत येते आणि कोपराला बाहेर जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

टीप बॉलला टेकण्याच्या बेतात असताना कोपराखालचा हात बाजूने पाहिल्यासही उभा असावा. तसा नसल्यास पकड क्यूवर पुढे-मागे सरकवावी. पकड सैल हवी. तालमीत किंवा जिममध्ये घडलेल्या आपल्या कोल्हापुरी हातांना हेच जड जाते, कारण मूठ आवळली की मनगट वळते आणि पाठोपाठ कोपरही हलते. क्यू मागे जाताना शेवटची दोन बोटे थोडी उघडू द्यावीत. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे कापड जड होऊन बॉल रखडतो, तेव्हा जोर लावण्याच्या नादात हा दोष हमखास परततो. त्या दिवसांत जोर वाढवण्यापेक्षा क्यू थोडा अधिक मागे घ्यावा.

घरी सरावासाठी टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडातून टीप काठाला न लावता सावकाश आत-बाहेर न्यावी. टीप बॉलला लागेपर्यंत कोपर जागेवर राहिले पाहिजे. त्यानंतर ते खाली यावे की नाही, याबाबत जाणकारांत मतभेद आहेत आणि नवशिक्याने त्यात पडू नये.

कोपर सरळ झाल्यावरही बॉल जातानाच एकाच बाजूने स्पॉट चुकवत असेल, तर डोळ्यांकडे पाहावे. १९२७ ते १९४६ या काळात जागतिक स्नूकर अजिंक्यपद १५ वेळा जिंकणारे जो डेव्हिस उजवा डोळा अधू असल्याने क्यू डाव्या डोळ्याखाली धरत. अशा वेळी हाताला न छेडता हनुवटी अर्धा इंच डावी-उजवीकडे सरकवून तीच चाचणी पुन्हा घ्यावी.