मधला खांब नको असेल तर: दोन गाड्यांच्या कारपोर्टची आखणी

बंगल्याच्या अंगणात दोन गाड्यांसाठी स्वतंत्र शेड घालायची ठरली की फॅब्रिकेटर बहुधा पहिल्याच भेटीत ‘पुढे मध्ये एक पाइप टाकू’ असे सुचवतो. त्या पाइपमुळे खर्च वाचतो हे खरे, पण गाडी मागे घेताना आरसा नेमका त्यालाच घासतो. पाइप काढायचा तर त्याचे काम वरचा गर्डर म्हणजे खांबांवरची आडवी लोखंडी तुळई, पुढचे दोन कोपरे आणि पाया यांनी वाटून घ्यायला हवे.

रुंदी कागदावर ठरवू नये. अंगणात चुन्याच्या रेघा मारून दोन्ही गाड्या उभ्या कराव्यात आणि दारे उघडून मागच्या सीटवरून घरातील वडीलधाऱ्यांना खाली उतरायला सांगावे. साधारण १.८ मीटर रुंदीच्या दोन गाड्या, मध्ये ९० सेंटिमीटर आणि दोन्ही कडांना प्रत्येकी ७० सेंटिमीटर धरले तर ५.९ मीटर होतात, म्हणून मोकळा गाळा, म्हणजे पुढच्या दोन खांबांमधले अंतर, ६ मीटरचा ठेवावा. पुढून मागे लांबी ५.५ मीटर आणि गर्डरखालची उंची २.४ मीटर पुरते.

मीटरमागे भार तोच राहिला आणि गाळा ३ मीटरवरून ६ मीटर झाला, तर त्याच मापाचा गर्डर १६ पट वाकतो, कारण वाकणे गाळ्याच्या चौथ्या घातानुसार वाढते. म्हणून येथे नुसत्या जाड पाइपापेक्षा उंच छेदाचा गर्डर उपयोगी पडतो. हलक्या पत्र्याच्या छपरासाठी १७५ ते २०० मिलिमीटर उंचीच्या आय-सेक्शनपासून (इंग्रजी I आकाराच्या छेदाच्या तुळईपासून) हिशेब सुरू करावा आणि अंतिम माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्यावे. मागच्या बाजूने गाडी जात नसल्यामुळे तेथे मधला खांब खुशाल ठेवावा.

खरी अडचण वाऱ्याची आहे. चारही बाजूंनी उघडे छप्पर वारा खालून उचलतो, आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांचे पत्रे उडवले होते. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी असलेल्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर हा वाऱ्याचा मूळ वेग धरला आहे. स्थानिक गुणक बाजूला ठेवले तर त्यातून चौरस मीटरला अनुक्रमे सुमारे ९३ आणि ११८ किलो दाब येतो. पुण्यातील ३६ चौरस मीटरच्या छपरावर हा सगळा दाब वरच्या दिशेने धरला तर ३.३ टन होतात, तर शेडचे स्वतःचे वजन जेमतेम पाऊण टन असते. उरलेली ओढ चार कोपऱ्यांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहाशे किलोंच्या आसपास येते. पाऊण मीटर लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचा ठोकळा सुमारे एक टनाचा होतो, त्यामुळे ‘फूटभर खड्डा पुरे’ या सल्ल्याकडे काणाडोळा करावा.

स्वतंत्र शेडला घराच्या भिंतीचा आधार नसतो, आणि मागे व दोन्ही बाजूंना खांबांमध्ये तिरके आधार घालता येतात तसे पुढे घालता येत नाहीत. तीन बाजू ताठ आणि एक बाजू सैल राहिली की आडव्या वाऱ्यात छप्पर स्वतःभोवती पिळते. त्यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्ही एकत्र करावेत असे माझे मत आहे: पुढचे खांब व गर्डर यांचा सांधा गसेट प्लेट (सांध्यावर जोडायची लोखंडी पट्टी) आणि कोपऱ्यातील अर्ध्या मीटरच्या तिरक्या टेकूने ताठ करावा, आणि पत्र्याखाली छपराच्या पातळीतच फुलीसारखे गज ताणावेत, म्हणजे पुढचा जोर मागच्या ताठ चौकटीपर्यंत पोहोचतो. टेकू कडेला खांबालगत राहत असल्यामुळे गाडीच्या वाटेत येत नाही.

उतार मागे द्यावा, दहाला एक या प्रमाणात, म्हणजे पागोळ्या प्रवेशावर पडत नाहीत. मात्र त्यामुळे पुढची बाजू उंच होते, म्हणून जागा असेल तर तोंड नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याकडे करू नये. सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत, शेड चालते का, हे खड्डे खणण्यापूर्वी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारावे.

बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट, जमिनीच्या पातळीवर कधीही बसवू नये. काँक्रीटचा चौथरा फरशीच्या वर १५ सेंटिमीटर घ्यावा, प्लेटखाली ग्राउट (पोकळी भरणारा सिमेंटचा मसाला) भरून त्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर अँकर बोल्टच्या नटांवर पाना फिरवून पाहावा.