बर्फावरची ताजी माती: ग्राउंडहॉगच्या शेतात शिकायला येणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फेब्रुवारी संपत आला तरी शेतं पांढरीच असतात. अशा दिवसांत बांधाच्या कडेला, बर्फावर ओल्या काळपट मातीचा पंखा पसरलेला दिसला तर तिथेच थांबा. खाली तीन-चार महिने झोपलेला ग्राउंडहॉग जागा झालाय आणि बिळाच्या तोंडाशी साचलेली माती लोटून वर आलाय. मी वर्धा जिल्ह्यातून इथे वन्यजीव व्यवस्थापनात एमएस करायला आले, तेव्हा ही साधी खूणही मला ठाऊक नव्हती. आता दरवर्षी आपल्याकडची काही मुलंमुली विचारतात, हा अभ्यासक्रम घ्यावा का, शिकाऱ्यांबरोबर फिरावं लागतं का, आपल्याला ते जमेल का. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढते.

आधी प्राणी ओळखून घ्या. ग्राउंडहॉग, वुडचक आणि शिट्टी मारतो म्हणून व्हिसलपिग, ही तिन्ही नावं एकाचीच. लडाखला गेला असाल तर रस्त्याकडेला उभा राहून बघणारा मार्मोट आठवत असेल, त्याचाच हा सखल प्रदेशातला भाऊबंद. कूळ खारीचं, म्हणजे आपल्या शेकरूचंही तेच. पण शेतकऱ्याला विचाराल तर काम घुशीचं. वजन तीन-चार किलो, चांगला पोसला तर सहापर्यंत. एका बिळातून काही क्विंटल माती निघते. मुख्य दारापाशी मातीचा ढीग असतो, तो लांबूनही दिसतो. धोका असतो मागच्या दारांचा. ती आतून खणलेली असतात, बाहेर कणभर माती नसते आणि वर गवत वाढलेलं. घोड्याचा पाय जातो तो यातच, आणि गवत कापायच्या यंत्राचं चाक खचतं तेही यातच. शिवाय कोवळं सोयाबीन, क्लोव्हर नावाचा चारा आणि लसूणघास हे त्याचं आवडतं खाणं. सोयाबीनच्या दोन-चार ओळी बिळाच्या तोंडापासून सुरू होऊन वस्तऱ्याने भादरल्यासारख्या साफ झालेल्या मी पाहिल्यात.

हे पाहिलं तेव्हा मला घर आठवलं. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत सोयाबीन, तूर आडवी करतात. बाबा आणि काका आलटूनपालटून जागलीला जायचे. सकाळी नुकसान बघायचं, पंचनामा करायचा आणि भरपाईची वाट बघत बसायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि ते मला कधी चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यामुळे इथे आले तेव्हा बंदूकवाला माणूस म्हणजे प्राण्यांचा वैरी, हे मनात पक्कं बसलेलं होतं. पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्यांना इथे व्हार्मिंट म्हणतात, आणि त्यांच्या शिकारीला निघालेल्या माणसांच्या गाडीत बसायला मी पहिलं सत्रभर नकार दिला. ते चुकलं. इथलं सगळं वन्यजीव व्यवस्थापन कोणाच्या पैशावर चालतं, हे मला कळलेलंच नव्हतं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन, म्हणजे इथलं राज्याचं वन्यजीव खातं, १८९५ पासून आहे. राज्याच्या सर्वसाधारण करातून त्याला जवळजवळ काही मिळत नाही. परवान्यांची फी, हा केंद्रीय कर आणि स्वतःच्या जमिनींवरचं लाकूड व नैसर्गिक वायू यांच्या उत्पन्नावर ते चालतं. तुम्ही ज्या प्रकल्पावर काम कराल त्याचा पैसा बऱ्याचदा तिथूनच आलेला असेल. मग त्या माणसांशी बोलायचंच नाही, हे बरोबर नाही.

आता वसंताचा क्रम. २ फेब्रुवारीचा ग्राउंडहॉग डे तुम्हाला ठाऊक असेल. पंक्सटॉनी गावात १८८७ पासून तो साजरा होतो, ग्राउंडहॉगला आपली सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे, अशी समजूत. जर्मन लोक ही समजूत बरोबर घेऊन आले, तिकडे ती बिज्जूच्या जातीच्या प्राण्यावर होती. पण त्या दिवसांत ग्राउंडहॉग खरोखरच बाहेर येतो, आणि त्याचं कारण हवामान नव्हे. पेन स्टेट विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ स्टॅम झेर्व्हानोस यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलं. नर आधी उठतात, आपल्या हद्दीत फिरतात, माद्या कोणत्या बिळात आहेत याचा अंदाज घेतात आणि पुन्हा जाऊन झोपतात. मार्चच्या सुरुवातीला मीलन होतं. साधारण ३२ दिवसांनी, एप्रिलच्या आरंभी पिल्लं जन्मतात, बहुधा चारेक. ती बिळाबाहेर दिसायला लागतात मे महिन्याच्या मध्याला. शीतनिद्रेत ज्याचं हृदय मिनिटाला पाच-दहा ठोक्यांवर आलेलं असतं, तो प्राणी उठल्याबरोबर चार-पाच बिळं हिंडून येतो, याचं मला आजही नवल वाटतं. फेब्रुवारीच्या बर्फात एका बिळापासून दुसऱ्या बिळापर्यंत ठसे गेलेले दिसले तर ते बहुतेक नराचे. पुढच्या पंजाला चार बोटं, मागच्याला पाच. एवढं पाहिलं की ओळख पटते.

माझ्या पहिल्या मार्चमध्ये मी बिळं मोजायला एका शेतावर गेले. घराच्या ओसरीवर बसलेल्या मालकीणबाईंची रीतसर परवानगी घेतली होती. शेत मात्र त्यांनी दुसऱ्या शेतकऱ्याला खंडाने दिलेलं होतं आणि त्यात हिवाळी गहू उभा होता. बर्फ नुकतं वितळलेलं, जमीन लोण्यासारखी मऊ. मी गाडी कडेने घेतली तरी चाकं गव्हात रुतली आणि वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या. संध्याकाळी त्या शेतकऱ्याचा फोन आला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तो गहू माझा आहे." शेतकऱ्याच्या घरात वाढलेली मी, उभ्या पिकात चाक घातलं! रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्याच्या गोठ्यावर गेले, माफी मागितली आणि भरपाई देते म्हटलं. त्याने पैसे घेतले नाहीत. बूट चढवले आणि म्हणाला, "चल, तू काय मोजलंस ते दाखव."

मी १९ बिळं मोजली होती. त्याने एकेक दाखवायला लावलं. पहिल्याच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. तो वाकून म्हणाला, "याच्यातून काल कोण गेलंय?" दुसऱ्यात गेल्या पानगळीतली पानं जशीच्या तशी. तिसऱ्यापाशी उग्र दर्प आणि पिसं, ते खोकडाचं. चौथ्याच्या तोंडाशी माती ओली, आत नखांचे उभे ओरखडे, कडेच्या दगडावर केस चिकटलेले. "हे घे, एक." अशा रीतीने १९ ची ६ झाली. शंका असेल तिथे त्याने वाळक्या काड्या आडव्या-उभ्या खोवल्या, दुसऱ्या दिवशी बघायला सांगितलं, मोडल्या असतील तर बीळ चालू. एवढीशी युक्ती, पण माझी पूर्ण गणना तिने सुधारली. तेव्हापासून मी परवानगी दोघांची घेते, मालकाची आणि कसणाऱ्याची. आणि मार्चमध्ये गाडी पक्क्या रस्त्यावरच ठेवते, मग चालायला कितीही लागो.

वेळेचंही थोडं. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी गारठा असतो, म्हणून ते दुपारी उन्हात चरतात. उन्हाळ्यात उलट, सकाळ आणि संध्याकाळ. सुरुवातीला दुर्बीण घेऊन दुपारी अकरा ते तीन एका जागी बसा. मोजायचं असो की शिकार, बसणं सारखंच.

बंदुकीविषयी, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तेच असतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई करतो. अमेरिकेतल्या राज्याने रीतसर दिलेला, मुदतीतला शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे मित्राची रायफल 'जरा धरून बघतो' हेसुद्धा परवान्याशिवाय करू नका. व्हिसा जाऊ शकतो, आयुष्याचा प्रश्न आहे. परवान्यासाठी आधी शिकारी शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते. ती द्याच, शिकार करायची नसली तरी. आणि परवाना हातात आल्यावरही विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला आणि वकिलाला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. विद्यापीठांच्या आवारात आणि वसतिगृहात शस्त्रांचे नियम वेगळे आणि कडक असतात.

पेनसिल्व्हेनियात ग्राउंडहॉगला हरणांचा बंदुकीचा मुख्य हंगाम सोडला तर वर्षभर मुभा आहे आणि संख्येची मर्यादा नाही. तरी दरवर्षीची नियमपुस्तिका वाचा, बारीकसारीक गोष्टी बदलत राहतात. वस्ती असलेल्या घरापासून, गोठ्यापासून १५० यार्डांच्या आत तिथे राहणाऱ्यांच्या परवानगीशिवाय गोळी चालवता येत नाही. झाडावर जांभळा पट्टा रंगवलेला असेल तर आत यायला मनाई, २०२० पासून तो पाटीइतकाच कायदेशीर आहे. डोक्यावर भगभगीत नारिंगी टोपी हवीच. नेम धरण्याआधी प्राण्याच्या मागे काय आहे ते बघायचं. मातीचा चढ नसेल तर गोळी नाही. पॉइंट बावीससारखी लहानशी गोळीही एक मैलापलीकडे जाते आणि दगडावर आपटून भलतीकडे उडते. माळाच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिलेला ग्राउंडहॉग कितीही सोपा दिसला तरी तो सोडून द्यायचा. त्याच शेतकऱ्याने माझ्यासमोर असे तीन सोडले.

मी स्वतः दुसऱ्या वर्षी जूनमध्ये, गवताची पहिली कापणी झाल्यावर, त्याच्या शेजारी बसून एक मारला. ते लपवावंसं वाटत नाही आणि मिरवावंसंही नाही. हातात घेतला तेव्हा अजून ऊब होती. समोरचे दात पांढरेशुभ्र, घुशीसारखे पिवळे नव्हेत, आणि ओठांच्या कडेला क्लोव्हरचा हिरवा रस. शेतकऱ्याने आधी त्याला उलटं करून पोट पाहिलं, नर होता. मादी असती आणि सडांभोवतीचे केस झडलेले असते, तर बिळात दूध पिणारी पिल्लं आहेत असं समजायचं. म्हणून माझा आग्रह असा की एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत बंदूक घरी ठेवा आणि फक्त मोजा. कायदा तसं म्हणत नाही, पण मादी मारली तर पिल्लं बिळात उपाशी मरतात, आणि ते कोणाच्याच हिशेबात येत नाही. मांस इथल्या जुन्या घरांत शिजवतात. पुढच्या पायांच्या बगलेतल्या ग्रंथी आधी काढाव्या लागतात, नाहीतर वास येतो.

मेलेलं जनावर शेतात टाकून येऊ नका, निदान शिशाची गोळी वापरली असेल तर मुळीच नाही. गरुड आणि गिधाडं ते खातात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या गरुडांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या शिशाच्या विषबाधेच्या खुणा मिळाल्या. आपण डायक्लोफिनॅकने गिधाडं कशी संपली ते पाहिलंय, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं. मेलेल्या जनावरात आपण काय सोडतो, हे आपल्याइतकं कोणाला कळणार? तांब्याच्या गोळ्या मिळतात, थोड्या महाग पडतात, त्याच घ्या. हातमोजे घाला. अमेरिकेत उंदीर-खारींच्या वर्गात रेबीज सापडतो तो सर्वांत जास्त ग्राउंडहॉगमध्येच. दिवसा अडखळत तुमच्याकडे चालत येणाऱ्या जनावरापासून दूर राहा आणि कळवा. घरी आल्यावर अंगावरच्या गोचिडी बघा, त्यांच्या चाव्याने होणारा लाइम रोग इथे घरोघरी माहीत आहे.

नोकरीचं थोडक्यात: केंद्रीय खात्यांतल्या कायम जागांना बहुतेक नागरिकत्व लागतं, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. विद्यापीठांचे प्रकल्प, पर्यावरण सल्लागार कंपन्या आणि घरांखालची जनावरं काढून देणारे परवानाधारक व्यावसायिक, इथे आपल्या लोकांना वाव आहे. मुलाखतीत मला दोनदा विचारलं गेलं, शेतकऱ्याची परवानगी कशी मिळवतेस? दोन्ही वेळा मी गव्हाची गोष्ट सांगितली.

यंदाचा हंगाम कसा जाईल, हे विचारणाऱ्यांना मी आकडा देत नाही. जुने शिकारी म्हणतात पूर्वीइतके ग्राउंडहॉग राहिले नाहीत. कायोटी (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला इथला प्राणी) वाढले, बांधांवरची झुडपं काढून शेतं सलग झाली, बरीच शेतं घरांखाली गेली. मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण झुडपांचा बांध शाबूत असलेल्या शेतांत मला अजून भरपूर चालू बिळं मिळतात. तुमच्या भागाचा अंदाज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काढता येतो. बर्फ गेलेलं असतं, गवत बोटभरही वाढलेलं नसतं, आणि ताजी माती अर्ध्या मैलावरून दिसते. मेमध्ये लसूणघास गुडघ्याला लागली की काही दिसत नाही. मग थेट पहिल्या कापणीनंतर, मेअखेर किंवा जूनच्या आरंभी, शेत पुन्हा उघडं पडतं. शिकारीला जायचं तर तेव्हा जा, तोवर पिल्लं चरायला लागलेली असतात.

माझा शेतकरी दर एप्रिलला रिकामी बिळं दगडमातीने बुजवतो. आता मी सोबत असते, आधी काड्या लावून खात्री करते. शेताच्या टोकाला काळ्या अक्रोडाखाली एक जुनं, रुंद तोंडाचं बीळ आहे, त्याला तो हात लावत नाही. ग्राउंडहॉगने खणलेलं, पण तिथे दर वसंतात खोकडीण विते. गेल्या वर्षी चार पिल्लं होती, आम्ही गोठ्याच्या भिंतीआडून पाहिली.