रीसेटनंतर कॉम्प्युटर सुरूच होत नाही? या चुका टाळा

‘हळू चालत होता म्हणून रीसेट मारला, आता चालूच होईना.’ सांगली-मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याच्या ओळखीचं असतं. मार्चअखेरीला तर जास्तच. मार्केट यार्डातली हळदीची अडत असो की विश्रामबागेतलं कर सल्लागाराचं ऑफिस, सगळ्यांनाच मशीन नेमकं त्याच दिवसांत पळायला हवं असतं.

रीसेट म्हणजे विंडोज नव्याने बसवणं. तो अर्धवट राहिला म्हणजे मशीन मेलं, असं नाही. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं असेल तर फोटो आणि कागदपत्रं बहुतेक वेळा डिस्कवरच सुखरूप असतात. नुकसान होतं ते पुढच्या तासाभरात, घाबरून केलेल्या उपायांनी. म्हणून आधी हात आवरा आणि स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुकानात नेलंत तर दुरुस्त करणाऱ्यालाही त्या फोटोची तुमच्या वर्णनापेक्षा जास्त मदत होते.

टक्के अडकले म्हणून बटण दाबणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आकडा एकाच ठिकाणी बराच वेळ थांबतो आणि माणसाचा धीर सुटतो. पण एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या लॅपटॉपला जे काम तासाभरात जमतं, त्यालाच जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला अर्धा दिवस लागू शकतो. त्यात ‘क्लीन डेटा’ चालू केलं असेल, तर संपूर्ण ड्राइव्ह पुसला जातो आणि रात्रही जाते. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असं समजा आणि रात्रभर राहू द्या. दिवा तासन्‌तास हललाच नाही, तरच पॉवरचं बटण दाबून धरा.

लाइट जाणं हा आपल्याकडचा दुसरा शत्रू. वळवाच्या दिवसांत दुपारी ढग आले की डेस्कटॉपवर रीसेट सुरू करूच नका. साधा यूपीएस मशीन बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं देतो, दोन तासांचं काम तो पेलत नाही. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा.

तोच रीसेट पुन्हा पुन्हा मारणं

‘देअर वॉज अ प्रॉब्लेम रीसेटिंग युवर पीसी’ असा संदेश आला की लोक पुन्हा तेच बटण दाबतात. ते का चालत नाही, हे समजून घ्या. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘लोकल रीइन्स्टॉल’ निवडलं की मशीनमध्ये आधीच असलेल्या सिस्टिम फाइल्स गोळा करून त्यांच्यापासूनच नवी विंडोज उभी केली जाते. त्या फाइल्सच बिघडलेल्या असतील, तर शंभर वेळा मारूनही तेच होणार. यासाठीच २०२० पासून विंडोज १० मध्ये ‘क्लाउड डाउनलोड’ हा पर्याय आला. तो मायक्रोसॉफ्टकडून ताज्या फाइल्स उतरवतो. सुमारे ४ जीबी डेटा जातो, पण लोकल फसलं तिथे हा बऱ्याचदा तारतो.

कधी दोष तुमच्या मशीनचाही नसतो. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज १० आणि विंडोज ११ च्या काही जुन्या आवृत्त्यांवर रीसेटच फसू लागला होता. मायक्रोसॉफ्टला १९ ऑगस्टला तातडीचं वेगळं अपडेट द्यावं लागलं. ऑक्टोबरमध्ये आणखी एक घोळ झाला: विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांवर दुरुस्तीच्या निळ्या स्क्रीनमध्ये यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस चालेना. २० ऑक्टोबरला त्याचीही दुरुस्ती आली. तुमचा कॉम्प्युटर त्या काळापासून अपडेट न झालेला असेल आणि निळ्या स्क्रीनवर माउस हलत नसेल, तर माउस फेकू नका. गोल पिनचा जुना कीबोर्ड लावून बघा, किंवा सरळ पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करा.

ती निळी स्क्रीनच येत नसेल, तर विंडोज चालू होताना पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा आणि असं दोन-तीनदा करा. मग ती आपोआप दुरुस्तीच्या स्क्रीनवर जाते. तिथे ‘ट्रबलशूट’मध्ये जाऊन आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा.

डेटा न काढताच ‘फॉरमॅट मार’ म्हणणं

इथे मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते. दहावीचं सर्टिफिकेट स्कॅन करून पुन्हा मिळेल, पण वडिलांचे फोटो कुठून आणणार? फॉरमॅटला घाई नसते.

कॉम्प्युटर विंडोजपर्यंत पोहोचत नसला, तरी फाइल्स बाहेर काढता येतात. दुरुस्तीच्या स्क्रीनवर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ असतो. तिथे नोटपॅडचं इंग्रजी नाव टाइप करून एंटर मारा. उघडलेल्या नोटपॅडच्या ‘फाइल’ मेनूत ‘ओपन’ निवडा आणि खाली ‘ऑल फाइल्स’ करा. आता समोर ड्राइव्ह दिसतात. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करा आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट करा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसला, तर दचकू नका. नावं बघून ‘युजर्स’ फोल्डर शोधा.

हे जमत नसेल, तर विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटू किंवा लिनक्स मिंट या सिस्टिमचा पेन ड्राइव्ह बनवा, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’वर चालवा आणि फाइल्स कॉपी करा.

आता एक कटू गोष्ट. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून रीसेट झाला असेल आणि डिस्क एसएसडी असेल, तर पुसलेल्या जागा एसएसडी स्वतःच रिकाम्या करून टाकते. मग रिकव्हरीचं कुठलंही सॉफ्टवेअर फारसं काही परत आणत नाही. फिरत्या डिस्कवर आशा जास्त असते, पण त्यासाठी मशीन ताबडतोब बंद करायला हवं.

४८ आकड्यांची किल्ली न शोधणं

दुरुस्तीच्या स्क्रीनवर ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागितली, तर डिस्क कुलूपबंद आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये हे कूटबंधन (एन्क्रिप्शन) मालकाला न विचारताच चालू झालेलं असतं. किल्ली ४८ आकड्यांची असते आणि लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं, त्यात ती साठवलेली असते. आपल्याकडे अडचण इथेच येते. ते खातं पुतण्याचं असतं, किंवा दुकानदाराने घाईत स्वतःचं टाकलेलं असतं. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून ‘डिव्हाइसेस’मध्ये किल्ली बघा. तुमच्या खात्यात नसेल, तर लॅपटॉप सुरू करून देणाऱ्याला फोन करा. किल्ली सापडेपर्यंत कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. किल्लीविना तो डेटा कुणालाच वाचता येत नाही, आणि ‘मी उघडून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हार्डवेअरचा दोष विंडोजवर ढकलणं

कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांकडे सरकू लागलं की नदीकाठच्या गल्ल्यांत सामान वरच्या मजल्यावर चढवण्याची गडबड उडते. पूर ओसरल्यावर तोच कॉम्प्युटर खाली येतो, लटपटतो, आणि कुणीतरी रीसेट मारतं. पण उचलाआपटीत रॅम सैल होते, डिस्कची केबल निसटते, ओलाव्याने पिना गंजतात. त्यावर रीसेट हा उपायच नाही, उलट चालू डिस्कवर अर्धवट लिहिलं जाऊन दुखणं वाढतं. प्लग काढा, रॅम नीट बसवा, केबल दाबून बघा. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र पुढे काही करू नका, थेट डेटा काढणाऱ्याकडे न्या.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश आला आणि कॉम्प्युटरची तारीखही मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी संपलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ती संपली की बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग मूळपदावर जातात आणि मशीन सुरू करण्याचा यूईएफआय-लेगसी हा प्रकार बदलला की शाबूत विंडोजही सापडत नाही. बॅटरी बदला, सेटिंग पूर्वीसारखी करा.

पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकताना

बाकी काही चाललं नाही, तर हाच मार्ग. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवा. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. तो लावून मशीन चालू करताना बूट मेनूसाठी (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) डेल, लेनोवो आणि एसरमध्ये साधारणपणे एफ १२, एचपीमध्ये एफ ९ दाबतात.

सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी दिसली, तर एसएसडी मेली असं समजू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपना डिस्क दिसायला व्हीएमडी ड्रायव्हर (डिस्क ओळखून देणारा छोटा प्रोग्रॅम) लागतो. कंपनीच्या साइटवरून तो पेन ड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’ने द्या.

यादी दिसली की मात्र श्वास घेऊन वाचा. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडायची पद्धत आहे आणि हिशेब बहुधा डी मध्ये असतो. सगळे भाग डिलीट करून मोकळं होणारे लोक तो हिशेबही पुसतात. आकार बघून फक्त जुन्या विंडोजचा भाग निवडा. पहिल्यांदा मशीन रीस्टार्ट होताना पेन ड्राइव्ह काढा, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्या पानावर येत राहील.

विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागते आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडते. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, काम होतं.

विंडोज विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. विंडोज ८ पासून कंपनीच्या लॅपटॉपचं लायसन्स बहुतेक वेळा मदरबोर्डमध्येच असतं. प्रकार तेवढा तोच निवडा: ‘होम सिंगल लँग्वेज’ असेल तर ‘प्रो’ टाकू नका, नाहीतर ते सक्रिय होणार नाही. ‘क्रॅक’ मारलेली विंडोज तर नकोच, विशेषतः ज्या मशीनवर बँक आणि डिजिटल सही चालते तिथे.

विंडोज आली, की जुन्या मराठी पत्रांत अगम्य अक्षरं दिसली तर फाइल खराब झालेली नसते. श्रीलिपी किंवा शिवाजीसारखे फॉन्ट रीसेटबरोबर गेलेले असतात. ते पुन्हा टाकले की मजकूर जसाच्या तसा दिसतो. टॅलीचा डेटा प्रोग्रॅमच्या फोल्डरात होता की वेगळ्या ठिकाणी, हे बघून मगच बॅकअप ‘रिस्टोअर’ करा, आणि जुन्या डिस्कवरची प्रत नवा हिशेब उघडून ताळा जुळेपर्यंत पुसू नका.