टाकीचा प्रोजेक्ट आणि एलसीडीवरचं गार्बेज

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट होता सोसायटीच्या टाकीचा. पाणी उतरलं की मोटर चालू, भरलं की बंद, आणि १६ बाय २ च्या (सोळा घरं, दोन ओळी) एलसीडीवर पातळी. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर, सगळं झकास. खरी मोटर जोडली आणि ती बंद होताना अधूनमधून डिस्प्लेवर गार्बेज, म्हणजे भलतीच अक्षरं, यायला लागलं. मी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन नवा एलसीडी आणला. त्यावरही तेच! मग कोड तीनदा बदलला. आठवडा वाया.

शेवटी गाईड सरांनी एकच विचारलं, "काय उमटतंय ते लिहून काढलंस का?" नव्हतं काढलं. इंग्रजी 'टँक'च्या जागी येत होतं ते असं: डी, मग रिकामं घर, मग ग्रीक म्यू, मग एक जपानी अक्षर.

हे एलसीडी मॉड्यूल हिताचीच्या एचडी४४७८० या कंट्रोलर चिपवर किंवा तिच्या नकलेवर चालतं. फोर-बिट मोडमध्ये डी४ ते डी७ या चारच वायरींवरून प्रत्येक अक्षर दोन तुकड्यांत जातं, आणि एनेबल पिनच्या प्रत्येक पल्सला एक तुकडा आत घेतला जातो. 'टँक'च्या टी, ए, एन, के या अक्षरांचे हेक्स कोड (यात ९ नंतर ए ते एफ हेही आकडेच) ५४, ४१, ४ई, ४बी आणि पुढची स्पेस २०. समजा एनेबलवर एक खोटा पल्स आला. त्या फुकटच्या तुकड्याशी ५ ची जोडी लागते आणि पुढे सगळंच एक तुकडा सरकतं: ४४, १४, ई४, बी२. ४४ म्हणजे डी, १४ रिकामं, ई४ म्हणजे म्यू आणि बी२ म्हणजे जपानी 'इ'. बाजारातल्या बहुतेक मॉड्यूलच्या रॉममध्ये (अक्षरांचे आकार कायमचे कोरलेल्या मेमरीत) काताकाना ही जपानी लिपी असते, म्हणून जपानी. कागदावर हा हिशेब जुळला तेव्हा मला चोर सापडल्यासारखं झालं.

एलसीडीला अक्षरं पाठवणारा मायक्रोकंट्रोलर रीसेट केला की डिस्प्ले सुधारायचा, हाही पुरावाच होता. सुरुवातीला एलसीडीची लायब्ररी (तयार कोड) तीनदा ३ पाठवते, ते तुकड्यांची जोडी पुन्हा जुळवण्यासाठीच. रीसेटनंतरही तीच चुकीची अक्षरं येत असतील, तर मात्र डेटाच्या वायरी आणि ड्राय सोल्डर (नीट न धरलेले टाके) तपासा.

खोटा पल्स येत होता रिलेमुळे, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचमुळे. आमची दीड फूट फ्लॅट केबल मोटरच्या वायरींना खेटून गेली होती आणि रिलेच्या कॉइलवर, ती बंद होताना उसळणारा व्होल्टेज जिरवणारा डायोडच नव्हता. १एन४००७ डायोड उलटा लावला, केबल वीतभर केली आणि मोटरच्या वायरींपासून दूर नेली, एलसीडीच्या सप्लायवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. तरी दिवसातून एखादा खोटा पल्स सुटायचाच. रिलेच्या काँटॅक्टवर स्नबर (ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावल्यावर तोही गेला. हे काम २३० व्होल्टचं आहे. स्नबरला एक्स२ दर्जाचाच (थेट मेन्सवर चालणारा) कपॅसिटर घ्या आणि कोणीतरी जाणकार शेजारी असल्याशिवाय हात घालू नका.

बाकी तक्रारी किरकोळ. वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसले तर इनिशियलायझेशन (एलसीडीला सुरुवातीच्या सूचना देणं) झालेलं नाही. काहीच दिसत नसेल तर आधी काँट्रास्टचा १० के चा प्रिसेट (छोटा फिरता रेझिस्टर) फिरवा. त्यासाठी नवा एलसीडी आणणारे माझ्याच वर्गात दोघं होते. ओळीच्या शेवटी दोन विचित्र खुणा आल्या तर कोडमध्ये प्रिंटऐवजी प्रिंटएलएन (शेवटी 'नवी ओळ'च्या खुणाही पाठवणारी कमांड) वापरलंय.

व्हायवाच्या आदल्या रात्री मला स्क्रीनवर मराठीत 'टाकी' दाखवायची हौस आली. कोडमध्ये सरळ शब्द टाईप केला, आणि बारा घरं भरली, त्यांत चार अल्फा. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि या बिचाऱ्या चिपला प्रत्येक बाइट म्हणजे वेगळं अक्षर. मग सीजीरॅममध्ये, म्हणजे स्वतःची अक्षरं साठवायच्या चिपमधल्या जागेत, ५ बाय ८ ठिपक्यांत ट, काना, क आणि दीर्घ वेलांटी हाताने काढली. अशा आठच आकृत्या मावतात, चार पुरल्या. शिरोरेषा मात्र दोन घरांमधल्या फटीत तुटलेलीच राहिली.