प्रायमरीत मत दिलंत, आता डेलिगेट व्हा

अमेरिकेत प्रायमरीतल्या, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या मतदानातल्या, मतानं एवढंच ठरतं, की कुठल्या उमेदवाराच्या वाट्याला किती डेलिगेट (प्रतिनिधी) येणार. पक्षाचा उमेदवार जिथं अधिकृतपणे ठरतो त्या राष्ट्रीय अधिवेशनात या डेलिगेटांच्या खुर्च्यांवर नेमकं कोण बसणार, ते छोट्या बैठकांमध्ये ठरतं, आणि आपली माणसं नेमकी तिथंच दिसत नाहीत. मी मिनेसोटात डेमोक्रॅटिक पक्षाचं काम करते (इथं त्याला डीएफएल, म्हणजे डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्ष म्हणतात), म्हणून इथली वाट सांगते. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या पक्षाची डेलिगेट निवडीची नियमावली आधी वाचा.

सुरुवात प्रेसिंक्ट कॉकसपासून, म्हणजे सर्वात लहान मतदान विभागातल्या पक्षाच्या बैठकीपासून. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदानाला पात्र असलात, त्याच प्रेसिंक्टमध्ये राहत असलात आणि पक्षाची तत्त्वं मान्य असली की पुरे. पुढच्या अधिवेशनाला कोण जाणार असं विचारलं, की संकोच न करता हात वर करा. इथं पुष्कळदा जागा जास्त आणि इच्छुक कमी असतात.

खरी कसोटी नंतरच्या, सिनेट डिस्ट्रिक्टच्या (राज्य सिनेटच्या मतदारसंघाच्या) अधिवेशनात लागते. तिथं सभागृहातच गट पडतात: कुणी उमेदवाराच्या नावानं, कुणी शाळांच्या प्रश्नावर. तुमचा गट लहान राहिला तर तो मोडतो आणि दुसऱ्यात सामील व्हावं लागतं. म्हणून आधीच फोन करून चार माणसं जोडून ठेवा. मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण भाषणाला जेमतेम मिनिटभर मिळतं. तेवढ्यात अनोळखी माणूस तुम्हाला मत देत नाही.

राष्ट्रीय डेलिगेट निवडले जातात त्यापुढे, काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट (अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाचा मतदारसंघ) आणि राज्य अधिवेशनात. त्यासाठी मुदतीत अर्ज आणि उमेदवाराला पाठिंब्याची लेखी हमी द्या. उमेदवाराची प्रचारयंत्रणा यादीतली नावं गाळू शकते, म्हणून आधी त्यांच्यासाठी राबलेलं असलेलं बरं. डिस्ट्रिक्टमध्ये हरलात, तर राज्य पातळीवर पुन्हा उभं राहता येतं.

डेमोक्रॅटिक पक्षात प्रायमरीत १५ टक्के मतांचा उंबरठा गाठणाऱ्या उमेदवारांना मतांच्या प्रमाणात डेलिगेट मिळतात. रिपब्लिकन पक्षात काही राज्यांत जिंकणारा सगळे घेऊन जातो.

१९६८ मध्ये आमच्याच मिनेसोटाचे ह्यूबर्ट हम्फ्री, तेव्हाचे उपाध्यक्ष, एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार ठरले. त्यावरून असंतोष पेटला म्हणून नियम बदलले आणि सामान्य कार्यकर्त्याला हे दार उघडलं. ते वापरलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रवास आणि हॉटेलचा खर्च सहसा स्वतःलाच करावा लागतो. काही मदत मिळते का, हे अर्ज भरतानाच राज्य शाखेला विचारून घ्या.